चिकन खिम्याच्या गोळ्यांचं सूप: गोळे मऊ राहायला काय करता?

मेघ_सातारा
नमस्कार मंडळी, आई सध्या माझ्याकडे राहायला आलीये, वय ७६, नवीन कवळी बसवलीये आणि ती अजून सवयीची झाली नाहीये त्यामुळे चिकनचे पीस तिला चावता येत नाहीत. चिकन तर जीव की प्राण, आणि नुसतं पातळ सूप वाटीत दिलं की म्हणते मी काय आजारी आहे का. म्हणून खिम्याचे छोटे गोळे घालून घरचं सूप करायचं ठरवलंय, पाऊस पण इथे थांबायचं नाव घेत नाहीये तर सगळ्यांनाच होईल. अडचणी अशा आहेत की मुलाला अंड्याची अ‍ॅलर्जी आहे म्हणून अंडं घालता येणार नाही, आईला बीपी आहे म्हणून मीठ बेताचं, आणि गोळे तळायचे नाहीत. ते हॉटेलात मिळतं तसं कॉर्नफ्लोअरचं चिकट सूप पण नकोय. गोळे फुटू नयेत पण कवळीखाली सहज दबावेत इतके मऊ हवेत. कोणी नेहमी करत असेल तर खिम्यापासून सगळं सांगा प्लीज.

दगडी_चूल
मेघताई, सगळं खिम्यावर आहे. चिकनवाल्याकडे तयार काढून ठेवलेला खिमा घेऊ नका, तो बहुतेक छातीच्या मांसाचा असतो आणि त्यात चरबी नावाला नसते, असा खिमा शिजला की कोरडा भुसभुशीत होतो, मग वरून काहीही घाला. लेगचं बोनलेस काढायला सांगा, मांडीचं मांस, आणि तुमच्यासमोर मशीनमधून दोनदा काढून घ्या. हाडं टाकून देऊ नका म्हणावं, तीच वेगळ्या पिशवीत मागून घ्या, सूपला लागणारच आहेत.
दुसरं म्हणजे खिमा घरी आणून धुवायचा नाही. आपल्याकडे ही सवय फार आहे, चाळणीत घालून नळाखाली धरतात, पण खिमा पाणी पितो आणि मग गोळा बांधलाच जात नाही. धुवायचंच असेल तर अख्खं बोनलेस धुऊन, निथळून, पुसून मग मशीनला द्यायचं.
अर्धा किलो खिम्याला ब्रेडच्या २ स्लाइस कडा काढून पाव वाटी दुधात भिजवा, पार लगदा करा, तो खिम्यात. कांदा घालायचा तर किसून घट्ट पिळून, नाहीतर पाणी सुटतं. आलं-लसूण, मिरपूड, अगदी बारीक कोथिंबीर, चिमूटभर जायफळ. अंड्याची काही गरज नाही, ब्रेडचा लगदाच ओलावा धरून ठेवतो आणि मांसाचे धागे एकमेकांना आवळून बसू देत नाही, मऊपणा तिथून येतो. ब्रेडच्या पाकिटावर काय काय घातलंय ते मात्र मुलासाठी एकदा वाचून घ्या.

जकार्ता_रिटर्न
माझं मत थोडं वेगळं आहे. मी इंडोनेशियात नोकरीला होतो, तिकडे गाडीवर बाक्सो मिळतो, म्हणजे गोळ्यांचं सूपच, जास्त करून बीफचा असतो पण चिकनचाही करतात. ते लोक खिमा बर्फ घालून मिक्सरला अगदी पेस्ट होईपर्यंत फिरवतात, त्यात मीठ आणि टॅपिओकाचं पीठ, म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्याचंच, आणि मग भांड्याच्या कडेवर आपटून आपटून मळतात. गोळा कधीच फुटत नाही, गॅरंटी, आणि आतून एकदम गुळगुळीत. अंडं न घालताही होतो, मी घरी असाच करतो आणि पोरं तुटून पडतात.

दगडी_चूल
दादा गोळा फुटणार नाही हे खरं, पण तो दाताखाली उसळतो ना, बाक्सोची मजाच त्यात आहे. मीठ, गारवा आणि भरपूर मळणं हे तिन्ही जमलं की मांसातलं प्रथिन सुटून चिकट होतं आणि शिजल्यावर रबरासारखी पकड घेतं. नवीन कवळीला नेमकं तेच नको, गोळा सटकेल आणि काकूंच्या हिरड्या दुखतील. ताई, तुम्ही बोटांनी हलकं मिसळा, सगळं एकजीव दिसलं की थांबा, कणकेसारखं मळू नका. मग झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये. हात पाण्यात बुडवून सुपारीएवढे गोळे वळा, मोठे नकोत. आणि आधी एकच गोळा उकळत्या पाण्यात सोडून बघा, टिकला आणि चव बरोबर वाटली की मग बाकीचे. सुटला तर लगेच अंडं शोधायला जाऊ नका, चमचाभर ब्रेडचा कोरडा चुरा घाला.

मिरवेल
सूपाच्या पाण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. अर्धा किलो हाडं आणि जमलं तर ४-५ कोंबडीचे पाय, नखं तोडून साफ करून घेतलेले. पायांमुळे सूपाला जो दाटपणा येतो ना तो कॉर्नफ्लोअरने सात जन्मात येणार नाही, ओठ चिकटतात प्यायल्यावर, फ्रिजमध्ये ठेवलंत तर दुसऱ्या दिवशी जेलीसारखं थिजलेलं असतं. हाडं गार पाण्यातच घाला, २ लिटर पाणी, आणि मंद आचेवर तापू द्या, करडा फेस वर येतो तो पळीने काढत राहा, पहिली १५-२० मिनिटं हेच काम, तिथून हलायचं नाही. फेस यायचा थांबला की एक कांदा अर्धा चिरून, आल्याचा ठेचलेला तुकडा, ८-१० मिरे, तमालपत्र आणि कोथिंबिरीच्या काड्या, पानं नाही, ती शेवटी. मग दीड तास नुसतं बुडबुडत राहू द्या. घाई असेल तर कुकरला पहिली शिट्टी झाल्यावर बारीक गॅसवर अर्धा तास, पाणी थोडं गढूळ होतं पण चव चांगली येते. गाळून घ्या.
मिठाचं असं करा, पाण्यात अजिबात घालू नका. खिम्यात थोडं लागतंच, त्याशिवाय गोळा धरत नाही, अर्धा किलोला सपाट छोटा चमचा, आणि काकूंना त्यापेक्षाही कमी सांगितलं असेल तर तेवढंच घाला, ब्रेडमुळे सांभाळून जाईल. बाकीच्यांनी आपापल्या वाटीत वरून घ्यावं. काकूंच्या वाटीत लिंबू पिळा, गॅस बंद केल्यावर, लिंबामुळे मीठ कमी असल्याचं जाणवत नाही.
गोळे सोडताना पाणी खळखळ उकळत असेल तर ते एकमेकांवर आपटून फुटतात आणि बाहेरून घट्ट होतात. कडेने बारीक बुडबुडे येतायत इतपतच आच ठेवायची. सुपारीएवढा गोळा ७-८ मिनिटांत होतो, वर तरंगला म्हणजे शिजलाच असं समजू नका, एक मोडून बघा, मध्ये गुलाबी नको. चिकन आहे, त्यात धोका पत्करू नये, त्यातून वय झालेलं माणूस.

यारा_काठ
मेलबर्नहून लिहितेय. इथे ग्रीक वस्ती भरपूर आहे आणि माझ्या शेजारच्या ग्रीक आजी असंच सूप करतात, युवरलाकिया म्हणतात त्याला. त्यांचा खिमा बीफचा असतो आणि त्यात ब्रेड नाही, कच्चा तांदूळ घालतात, तो गोळ्यातच शिजतो. शेवटी अंडं आणि लिंबू फेटून घालतात, ते तुला चालणार नाही, पण तांदळाचं कर. मी चिकनला अर्धा किलोला पाव वाटीला कमीच इंद्रायणी घालते, धुऊन अर्धा तास भिजवून. तो मुळात चिकट तांदूळ, त्यामुळे गोळा धरून ठेवतो आणि थोडा तांदूळ पाण्यात सुटतो त्याने सूप आपोआप दाट होतं. फक्त वेळ जास्त लागतो, झाकण ठेवून मंद आचेवर ३०-३५ मिनिटं, आणि गोळे फुगतात म्हणून आणखी लहान वळायचे. मांडीचं मांस असेल तर इतका वेळ शिजून पण कोरडं पडत नाही, छातीचं असेल तर हे करू नकोस. आईला भात पोटात गेल्याचं समाधानही मिळतं, आमच्या सासूबाईंना त्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही.

मेघ_सातारा
किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी! खिमा धुवायचा नाही हे मला माहीतच नव्हतं, आमच्याकडे धुतातच. आई म्हणतेय इंद्रायणीचं करून बघ, तर रविवारी अर्धे ब्रेडचे आणि अर्धे तांदळाचे करते, वेगवेगळ्या पातेल्यात. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. ब्रेडऐवजी पातळ पोहे चालतील का, घरात ते कायम असतात. आणि जास्तीचे गोळे करून फ्रीजरला टाकता येतील का, म्हणजे मी ऑफिसला गेले की आई तिची ती गरम करून घेईल.

मिरवेल
पोहे मस्त चालतात, मी कितीदा तसंच करते. मूठभर पातळ पोहे चाळणीत ओले करून ५ मिनिटं ठेवायचे आणि हाताने पार कुस्करायचे, अख्खं पोह्याचं पान राहिलं तर तिथून गोळा उकलतो.
फ्रीजरसाठी ब्रेडचे किंवा पोह्यांचे गोळे ठेव, तांदळाचे नको, भिजलेला तांदूळ कच्चा गोठवला की त्याचा चुरा होतो. गोळे कच्चेच ताटलीत सुटे मांडून आधी कडक होऊ दे, मग पिशवीत भर, म्हणजे चिकटून एक ढेकूळ होत नाही. पण काकू एकट्या असताना कच्चे शिजवायला नको गं, आत गोठलेला गोळा शिजला की नाही ते त्यांना कळायला अवघड. त्यांच्यासाठी सूपासकट शिजवलेलं छोट्या डब्यांमधून गोठव, एक डबा एक जेवण, रात्री खाली फ्रिजमध्ये काढून ठेवायचा आणि दुपारी त्यांनी पातेल्यात चांगली उकळी येईपर्यंत गरम करायचा. कोथिंबीर आणि लिंबू डब्यात घालू नकोस, ते ताजंच.