मनीप्लांट पाण्यात सडतोय, मदत हवी आहे

वाघबीळकरीण
बाटलीतला मनीप्लांट तिसऱ्यांदा मरायला टेकलाय. पानं खालून पिवळी, पाण्याला वास, मुळं हाताला बुळबुळीत. पाणी बदलून झालं, जागा बदलून झाली. काय चुकतंय? "पाण्यात ठेवा आणि विसरून जा" असं प्लीज कुणी सांगू नका. हा गेला की सरळ प्लास्टिकचा वेल आणून टांगणार आहे.

सीवूड्सवाला
फोटो? बाटली कुठे ठेवलीये? पाणी कसलं? फांदी कापून लावलीत की कुंडीतलं झाड उपटून?

नौपाडा_जुना
आमचा अकरा वर्षं बाटलीत आहे. तांब्याचं नाणं टाका, काही होत नाही.

सीवूड्सवाला
काका, हल्लीची रुपया-दोन रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची असतात.

नौपाडा_जुना
माझ्या बाटलीत १९५८ चा नया पैसा आहे. ब्राँझचा. ब्राँझमध्ये तांबंच असतं.

वाघबीळकरीण
नाण्याचं नंतर बघू. पाणी सोसायटीच्या टाकीतलं, टँकरचं. बाटली पश्चिमेच्या खिडकीत. उपटूनच लावलं, मुळं नळाखाली स्वच्छ धुतली. आणखी काय करायचं असतं?

कोपरखैरणे_सेक्टर
टँकरचं पाणी जड, दुसरं काही नाही. आम्हाला मोरबे धरणाचं पाणी, सगळं बहरतं.

घोडबंदर_ट्रॅफिक
झालं, मोरबेचा टेंभा सुरू. माझाही टँकरवरच आहे आणि पडद्याच्या दांडीवर पोचलाय.

सीवूड्सवाला
पाण्याचं जाऊ दे, घोळ उपटण्यात आहे. मातीत वाढलेली मुळं मातीच्या फटींतल्या हवेवर जगतात, पाण्यात बुडवली की बरीचशी सडतात. पाण्यात फुटणारी मुळं वेगळी, पांढरी आणि ठिसूळ. त्यामुळे हे सोडा. शेंड्याकडची निरोगी फांदी पेऱ्याच्या बोटभर खाली कापा. एक-दोन पेरी पाण्यात, पान मात्र एकही बुडायला नको. दोन-तीन आठवड्यांत मुळं दिसतील. पश्चिमेच्या उन्हात पाणी तापतं, शेवाळ धरतं. बाटली आत घ्या किंवा खाकी कागद गुंडाळा.

पामबीच_पहाटे
लकी बांबू हा बांबूच नाही, हे किती जणांना माहीत आहे? तो ड्रॅसिना, मूळचा आफ्रिकेतला.

वाघबीळकरीण
मी बांबूबद्दल विचारलंय का?

कळवा_नाका
डेंग्यूचं कुणी बोललंच नाही. एडिस डासाला असंच साठलेलं स्वच्छ पाणी लागतं. दर पाच-सहा दिवसांनी पाणी ओता आणि बाटली आतून ब्रशने घासा. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर काचेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत.

घोडबंदर_ट्रॅफिक
पण वास कशाचा? माझीही दोन-चार मुळं सडली होती, इतका वास नव्हता. पाण्यात काही घालता का?

वाघबीळकरीण
काही नाही. म्हणजे आई रोज तांदूळ धुतलेलं पाणी घालतात थोडं. ते चांगलंच असतं ना झाडांना?

सीवूड्सवाला
अहो ताई!! हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं. कुंडीत चालतं, माती रिचवते. बाटलीत ते आंबतं. इडलीचं पीठ आंबतं तसंच. मुळांना मग श्वास कुठून मिळणार?

वाघबीळकरीण
मला काय माहीत, त्यांच्या तुळशीला, मोगऱ्याला तेच घालतात आणि फुलं ढीगभर येतात. आता आईंना हे सांगायचं कुणी?

पामबीच_पहाटे
मोगऱ्याला कळ्या येत नसतील तर छाटणी करा.

नौपाडा_जुना
म्हणून म्हणत होतो, नाणं टाका. त्यांना सांगा, तांब्याचं नाणं असलं की त्या पाण्यात दुसरं काही घालायचं नसतं. माझ्या आईला मी हेच सांगितलं होतं.

वाघबीळकरीण
काका, नया पैसा ठाण्यात कुठे मिळेल?