विषय: साओ पावलोला येतोय, किराणा किती बांधून आणू?

नमस्कार मंडळी,
नवऱ्याची बदली साओ पावलोला झाली आहे. पुढच्या महिन्यात पुण्याहून आम्ही तिघं निघतोय, मुलगी सहा वर्षांची. घरात सगळे शाकाहारी. ब्राझील म्हणजे मांसाहार असं जो तो सांगतोय, त्यामुळे सासूबाईंनी दोन बॅगा नुसत्या किराण्यासाठी काढून ठेवल्यात. खरंच इतकं लागेल का? पोर्तुगीजचा गंध नाही, तीही धास्ती आहेच.
— नवीन सभासद, पुणे

---

प्रिय ताई,
सासूबाईंना सांग, एक बॅग रिकामी करा. हिंग, गोडा मसाला, मोहरी, पोहे आणि थोडी तूरडाळ एवढं पुरे. तूर इथे ‘ग्वांदू’ नावाने अख्खी मिळते, पण आपल्यासारखी डाळ सहजी दिसत नाही. हरभरा, मसूर, गूळ, मसाले सुटे हवे असतील तर जुन्या म्युनिसिपल मार्केटजवळच्या धान्यबाजारात जायचं. त्या भागाला ‘झोना सेरेआलिस्ता’ म्हणतात.

पण खरी गोष्ट आहे ‘फेइरा’, म्हणजे आठवडी बाजार. प्रत्येक वस्तीत ठरलेल्या वारी एक रस्ता गाड्यांना बंद होतो आणि सकाळी तिथे ताडपत्रीखाली बाजार भरतो. भेंडी, फणस, पेरू, सीताफळ, आंबे, कच्ची केळी, सगळं असतं. ओला नारळ समोर खवून देतात. विक्रेता सुरीच्या टोकावर अननसाची फोड धरून पुढे करतो. ती खाल्ली म्हणून घ्यायलाच हवं असं नाही, तेव्हा संकोच करू नकोस. दुपारी बाजार उठायच्या सुमाराला भाव उतरतात. त्या वेळेला ‘शेपा’ म्हणतात आणि कित्येक घरं त्याच वेळी खरेदीला निघतात. कोथिंबीर मात्र वास घेऊनच घे. नुसती ‘हिरवी जुडी’ मागितलीस तर पार्सली आणि कांद्याची पात हातात येईल.

खरेदी झाली की गरम पास्तेल, म्हणजे सारण भरून तळलेली करंजीसारखी खारी वस्तू, आणि उसाचा रस. पास्तेल चीजचं माग. बाहेर जेवताना ‘मांस नको’ एवढ्यावर थांबू नकोस; चिकन, हॅम, मासे यांची वेगवेगळी नावं घे, आणि राजम्यासारख्या उसळीत डुकराचं मांस घातलंय का तेही विचार. वजनावर जेवण देणारी हॉटेलं आपल्या लोकांना फार सोयीची. ताटात काय घ्यायचं ते आपल्या हातात.

भाषेचं म्हणशील तर एकाच बाजारात, एकाच भाजीवालीकडे दर आठवड्याला जा. ती नाव विचारेल, मुलीला केळं देईल, चुकलं तर सुधारेल. मी पोर्तुगीज अशीच शिकले.
— विला मारियानाची काकू

---

काकूंनी पोटाचं सांगितलं, मी कागदांचं सांगतो. सेपेएफे हा करदात्याचा नंबर पहिल्यांदा काढा. घरभाडं, फोन, बँक, कशालाही तो मागतात. किराणा दुकानातही पावतीवर घालायचा का, असं विचारतात. भारतात असतानाच ब्राझीलच्या वकिलातीतून त्यासाठी अर्ज करता येतो. तात्पुरत्या व्हिसावर असाल तर उतरल्यापासून ९० दिवसांत फेडरल पोलिसांकडे नोंदणी करा. पैसे पाठवायला २०२० पासून ‘पिक्स’ आहे, आपल्या यूपीआयसारखंच.

आजारपणाची धास्ती बाळगू नका. सरकारी आरोग्यसेवा, ‘सूस’, परदेशी माणसालाही मोफत मिळते. माझ्या मुलाच्या लशी वस्तीतल्या केंद्रातच झाल्या, एक पैसा लागला नाही. तुमच्या मुलीचं लसीकरणाचं कार्ड बरोबर आणा.

रस्त्यात मोबाईल हातात धरून चालू नका, हिसकावून नेतात. नकाशा बघायचा तर दुकानात शिरून बघा. रविवारी पाउलिस्ता रस्ता गाड्यांना बंद असतो, तिथे मुलीला सायकल द्या. मंगळवारी शेजारचं मास्प संग्रहालय फुकट असतं.
— काका

---

काकू, काका, मनापासून आभार. एक बॅग रिकामी झाली. पोळ्यांचं मात्र सांगा, कणीक आणू का?

---

नको गं. इथली कणीक जरा भरड, नुसती लाटली तर पोळी तुटते. निम्मा मैदा घाल, तेल लावून अर्धा तास झाकून ठेव. पोळपाट-लाटणं मात्र घेऊन ये.
— काकू