तपासणी त्याचीही करा

ताई, तुम्ही लिहिलंत की मूल होत नाही म्हणून सुनेच्या सगळ्या तपासण्या झाल्या, पण मुलगा ‘चांगला धडधाकट’ म्हणून दवाखान्यात गेलाच नाही. आपल्या बीड-लातूरकडं हे सर्रास चालतं आणि सुनेनं मात्र उपास-नवस करत बसायचं. मला याचा फार राग येतो.

मूल न होण्यामागं पुरुषाचं वाढलेलं वजनही असू शकतं. पोटावरची चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्यातलं अरोमाटेज हे विकर (एन्झाइम) टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचं इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनमध्ये रूपांतर करतं. मग मेंदूकडून वृषणांना मिळणारे इशारे मंदावतात, शुक्राणू घटू शकतात. वृषणांना शरीरापेक्षा 2-3 अंश कमी तापमान लागतं; मांड्यांची चरबी आणि दिवसभराची बैठक तेही बिघडवते. प्रत्येक जाड माणसाला ही अडचण येतेच असं नाही, म्हणून तर वीर्यतपासणी हवी. साधीच असते, आधी 2 ते 7 दिवस संबंध टाळायचे एवढंच.

कंबर 90 सेंटिमीटरच्या वर असेल तर वजनाकडं आत्ताच बघा. नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, लगेच फरक शोधू नका. आणि जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुचवलं तर अजिबात घेऊ देऊ नका, त्यानं शुक्राणू बनणंच थांबू शकतं.