मदत हवी आहे: ‘नाइन्टीन एटी-फोर’वरच्या निबंधाची सुरुवात

गोदाकाठ२१:
नमस्कार मंडळी. टीवायबीएला आहे, नाशिक. जॉर्ज ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’वर १२०० शब्दांचा मराठी निबंध सोमवारी द्यायचा आहे. विषय ‘भाषा आणि सत्ता’. मधला भाग लिहून झालाय, सुरुवात मात्र सपाट वाटते:

“जॉर्ज ऑर्वेल हे विसाव्या शतकातील थोर लेखक होते. त्यांचा जन्म १९०३ साली मोतिहारी येथे झाला. १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत त्यांनी हुकूमशाहीचे भयानक चित्र रंगवले आहे. ती आजही तितकीच समर्पक आहे. या निबंधात आपण भाषा व सत्ता यांचा संबंध पाहणार आहोत.”

काय बदलू? ‘बिग ब्रदर तुमच्यावर नजर ठेवून आहे’ या घोषणेने सुरुवात करू का?

पानकळा:
माहिती बरोबर आहे. पण नावं आणि साल बदललं तर हाच परिच्छेद कुठल्याही कादंबरीला चिकटेल. पहिली दोन वाक्यं सरळ काढा, मोतिहारीचा पुढे उपयोग नाही. ‘समर्पक’ही काढा, कशाला समर्पक ते सांगितलेलंच नाही. खरी अडचण शेवटच्या वाक्यात आहे. त्यात विषय आहे, तुमचं म्हणणं नाही. भाषा आणि सत्तेचा संबंध आहे, याला नाही कोण म्हणणार? वाचणाऱ्याला ‘मला हे पटत नाही’ म्हणता येईल असं वाक्य तिथे हवं.

घोषणा नको. ती पाळतीबद्दल आहे, शिवाय बहुतेक जण तिथूनच सुरू करतात. चॉकलेट घ्या. रेशन ३० ग्रॅमवरून २० वर येणार असतं. कपात होणार नाही असं मंत्रालयाने आधी वचन दिलेलं असतं, ते बदलून ‘कपात करावी लागेल’ असा इशारा करायचं काम नायक विन्स्टनकडे येतं. पुढे जाहीर होतं की रेशन वाढवून २० ग्रॅम केलंय, आणि लोक आभार मानतात!

उंबरठा:
चॉकलेटचा प्रसंग जबरदस्त आहे, पण तो जुन्या नोंदी बदलण्याचा आहे. मधल्या भागात काय आहे त्यावर ठरेल. गोदाकाठ, तुझे परिच्छेद कशावर आहेत?

गोदाकाठ२१:
तीन न्यूस्पीकवर, म्हणजे कादंबरीतल्या सत्ताधारी पक्षाने घडवलेल्या भाषेवर, एक नोंदींवर.

उंबरठा:
मग कॅन्टीनमधला साइम घे, विन्स्टनचा सहकारी. तो न्यूस्पीक कोशाच्या अकराव्या आवृत्तीवर काम करतोय आणि शब्द नष्ट करण्याबद्दल अगदी आनंदाने बोलतो. ‘गुड’ आहे तर ‘बॅड’ कशाला, ‘अनगुड’ पुरे. हा एक शब्द दाखव, अर्थ लगेच पुढे दे. चॉकलेट नोंदींच्या परिच्छेदात ठेव. सुरुवातीला दाखवलेलं पुढे आलंच नाही तर वाचणारा त्याची वाट बघत राहतो.

मापं साधारण अशी: १२०० शब्दांना १०० ते १२० शब्दांची सुरुवात. दोन-तीन वाक्यांत कॅन्टीन, एका वाक्यात कादंबरी, लेखक, १९४९. मग प्रश्न, आणि शेवटी म्हणणं. ‘आपण पाहणार आहोत’ नको, थेट म्हण. आणि हा परिच्छेद निष्कर्ष लिहून झाल्यावर पुन्हा लिही. लिहिता लिहिता म्हणणं सरकतं, सुरुवात जुनीच राहते.

गोदाकाठ२१:
शेवटचं वाक्य असं केलं: “शब्द काढून घेतले की विचारही संपतो, हे ऑर्वेल दाखवतो.”

पानकळा:
आधीपेक्षा खूप बरं. पण हे साइमचं मत झालं. ऑर्वेलचं तेच आहे का, ते कादंबरीच्या शेवटचं न्यूस्पीकवरचं परिशिष्ट वाचून ठरवा. न्यूस्पीक २०५० पर्यंत पूर्ण रुजेल असा पक्षाचा अंदाज, आणि परिशिष्ट मात्र साध्या इंग्रजीत, भूतकाळात लिहिलेलं. म्हणजे पुढे कधीतरी कुणीतरी त्या भाषेकडे मागे वळून बघतंय असं वाचता येतं. काहींना ते पटत नाही, म्हणूनच वाद घालण्याजोगं आहे.

गोदाकाठ२१:
परिशिष्ट मी वगळलंच होतं. आज सार्वजनिक वाचनालयात बसून वाचते. तोवर हे कसं वाटतं: “साइमला वाटते शब्द संपले की बंडही संपेल, पण भूतकाळात लिहिलेले परिशिष्ट त्याचा हा विश्वास खोटा पाडते.”

उंबरठा:
हेच ठेव. ‘खोटा पाडते’ऐवजी ‘डळमळीत करते’ कर, पुराव्याला तेवढंच पेलेल. आणि निबंधात परिशिष्टावर निदान एक परिच्छेद घाल.