मदत हवी आहे: साधना फॉरेस्टला (ऑरोविल) जातोय, काय काय न्यायचं? लवकर सांगा

कोथरूडची_मैना
नमस्कार मंडळी. ऑरोविलजवळ (पुद्दुचेरीशेजारची ती देशोदेशींच्या लोकांची वसाहत) साधना फॉरेस्ट आहे ना, तिथे व्हॉलंटियर म्हणून जायचं ठरलंय. जंगल लावायचं, झोपडीत राहायचं, सगळं सोलरवर वगैरे, माहितीच असेल. आम्ही दोघी आहोत. तिकिटं आजच काढायचीत कारण वेटिंग वाढत चाललंय, तर पटापट सांगा. गमबूट लागतील का? रेनकोट बरा की पोंचो? अंथरूण-पांघरूण आपलं न्यायचं का? व्हिडिओत सगळे परदेशी लोक हसत हसत खड्डे खणताना दिसतात, कामाचं कोणी काही बोलत नाही. प्लीज 'गूगल कर' म्हणू नका, करून झालंय.

टेकडीवाला
कधी जाताय? किती दिवस? गमबुटाचं नंतर बघू.

कोथरूडची_मैना
कधी म्हणजे काय, पावसाळ्यात! जूनमध्ये. झाडं लावायला अजून कधी जाणार? सुट्टी मिळेल तेवढे दिवस.

टेकडीवाला
अहो ताई थांबा, तिकीट काढू नका. जूनमध्ये तिथे कसला पाऊस? तो कोरोमंडल किनारा आहे, आपला नैऋत्य मान्सून सह्याद्रीवर सगळा रिकामा होतो आणि पलीकडे पोचेपर्यंत त्यात फारसं काही उरत नाही. पुद्दुचेरीचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मान्सूनचा. वर्षाला १२००-१३०० मिमी पडतो त्यातला निम्म्याहून जास्त त्या तीन महिन्यांत. जूनमध्ये ३७-३८ डिग्री आणि वर समुद्राची दमट हवा. रेनकोट घालून बसाल तर शिजाल आतल्या आत. रोपं लावायचा सीझन तिकडे दसरा-दिवाळीला सुरू होतो.

लिंबूटिंबू
पोंचो घ्या. रेनकोटची चेन लगेच जाते. मी दोन्ही वापरलेत.

जुना_छावणीकर
एवढ्या लांब कशाला जायचं ते आधी सांगा. निसर्गात साधं राहायचं आणि श्रमदान करायचं तर आपल्याकडे बाबा आमट्यांनी १९६७ साली सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली, चंद्रपूर जिल्ह्यात, मूलजवळ. मे महिन्यात असते, विदर्भातला मे, म्हणजे ऊन काय असतं ते कळतं. सकाळी कुदळ-फावडं, दुपारी भाषणं, रात्री गाणी. आमच्या अख्ख्या पिढीची हाडं तिथे तयार झाली. तुमच्या त्या इको व्हिलेजमध्ये भाषा कुठली? इंग्रजी. मग?

कोथरूडची_मैना
काका, सोमनाथबद्दल आदर आहे पण मी ते विचारलं नाहीये. आणि जूनची रजा मंजूर झालीय माझी, असं कसं हलवणार? गमबूट????

आरोविलात_राहिलेली
मी काही वर्षांपूर्वी तिथे राहून आलेय म्हणून लिहिते, आता नियम बदललेले असू शकतात, किमान मुक्काम आणि जेवणाचं योगदान त्यांच्याच साइटवर बघ.

गमबूट नको, पाय उकडतील. पाय झाकणारे जुने बूट आण, काट्यांसाठी आणि सापांसाठी. डोक्याला लावायचा टॉर्च, मच्छरदाणी असेल तर उत्तम, पातळ चादर, लांब बाह्यांचे सुती कपडे. नवे काही घेऊ नकोस. माती इतकी तांबडी आहे (आपल्या कोकणातल्या जांभ्याची बहीणच) की पांढरं काही पांढरं राहत नाही.

जागेबद्दल थोडं, म्हणजे काम काय ते कळेल. २००३ साली एका इस्रायली जोडप्याने ऑरोविलच्या कडेच्या ७० एकरांवर सुरू केलं. जमीन पार उघडी पडलेली, पाऊस पडला की माती घेऊन पाणी घळींतून समुद्राकडे. त्यामुळे नुसती रोपं लावून भागत नाही, आधी पाणी अडवायचं. समपातळीत चर, मातीचे बांध, छोटी तळी. उन्हाळ्यात गेलीस तर हेच जास्त करशील: चर खणणं, रोपांच्या बुडाशी पालापाचोळा पसरणं, नर्सरीत पिशव्या भरणं. हिरो होण्यासारखं काही नाही त्यात, पण पावसाआधी हे झालं नसेल तर लावलेलं जगत नाही.

आणि जंगल म्हणजे ताडमाड उंच काही नसतं. तिकडचं मूळ जंगल कोरडं सदाहरित, झाडं बुटकी, पानं जाड आणि चिवट. अंजनी, जी आपल्याकडे महाबळेश्वरला दिसते, ती तिथे आहे. खिरणी, जांभूळ, करंज आहे. नुसत्या जुन्या फोटोंवर जाऊ नकोस, समोर उभं राहिल्यावर 'एवढंच?' वाटतं आणि मग हळूहळू कळतं.

रोजचं: संडास कोरडे, पाण्याऐवजी वरून लाकडाचा भुसा टाकायचा, धुवायचं पाणी वेगळीकडे. आंघोळ बादलीने, मोजून. हात धुवायला एक छोटा डबा, त्याला तळाशी बारीक भोक, बादलीतून भरून खिळ्याला टांगायचा आणि त्या धारेत हात धुवायचे, धार संपायच्या आत धुवून होतात. भांडी राखेने. दारू-सिगरेट नाही. आणि जेवण वीगन, म्हणजे दूध, दही, तूप काहीच नाही, चहासुद्धा बिनदुधाचा.

कोथरूडची_मैना
चहा बिनदुधाचा??? हे आधी कोणी सांगितलं नाही. आईचं काय होणार मग.

टेकडीवाला
आईचं? 'आम्ही दोघी' म्हणजे तुम्ही आणि आई?

कोथरूडची_मैना
हो मग कोण? ती साठी ओलांडलेली आहे, शुगर आहे, गुडघा कुरकुरतो. पण ठणठणीत आहे.

डॉक्टर_नसलेला
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतं ना बाई. शुगर गोळ्यांवर आहे का इन्सुलिनवर? कारण इन्सुलिन असेल तर थंड ठेवायचा प्रश्न येतो आणि सोलरवर चालणाऱ्या जागी फ्रीज गृहीत धरू नका, आधी लिहून विचारा. तात्पुरतं मातीच्या मडक्यात ओल्या फडक्यात ठेवता येतं, खेड्यात लोक करतात, पण मेच्या-जूनच्या उन्हात मी तरी त्यावर विसंबणार नाही. दुसरं महत्त्वाचं, अशा ठिकाणी पहाटेचं काम आधी आणि नाश्ता नंतर असतो. उपाशीपोटी कुदळ मारायची, वर गोळी घेतलेली, म्हणजे शुगर खाली येऊन घेरी येऊ शकते. खिशात साखर-खजूर ठेवायला सांगा आणि तिथल्या लोकांना आल्या आल्या सांगून ठेवा. गरज पडलीच तर पुद्दुचेरीत जिपमर आहे, मोठं सरकारी हॉस्पिटल.

आरोविलात_राहिलेली
हे बरोबर. आणि गुडघ्याचं काय? खाली बसायचा संडास आहे, भारतीय पद्धतीचा.

कोथरूडची_मैना
गोळ्यांवर आहे. बसते ती खाली, अजून लोणचं घालायला पाट घेऊनच बसते.

सॅनहोजेकर
इथून जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं) असेल तर वेगळा व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट नवीन केला असेल तर साइटवर अपडेट करा. आम्हाला एअरपोर्टवर अर्धा तास उभं केलं होतं.

लिंबूटिंबू
पुण्याची बाई आहे हो ती.

हिरवा_ध्यास
मुळात ७० एकर लावायला वीस वर्षं कशाला? मियावाकी करा, ती जपानी दाट लागवड. चौरस मीटरला तीन-चार रोपं, दोन-तीन वर्षांत घनदाट. आमच्या सोसायटीमागे केलंय, फोटो टाकू का?

गवताळ
नका टाकू. तुमच्या सोसायटीमागे काय होतं आधी? गवत ना? आपल्याकडे उघडी जमीन दिसली की लगेच झाडं खुपसायची सवय लागलीय. २०१९ ला ३३ कोटींची मोहीम झाली तेव्हा कितीतरी माळरानांत खड्डे पडले. माळरान ही पडीक जमीन नाहीये, लांडगा, तणमोर, माळढोक तिथेच जगतात. नान्नजला, सोलापूरजवळच्या माळढोक अभयारण्यात, जाऊन बघा काय उरलंय ते. साधना फॉरेस्टवाले निदान जे जंगल तिथे मूळचं होतं तेच परत आणतायत, एवढा फरक आहे.

हिरवा_ध्यास
म्हणजे झाडं लावायचीच नाहीत?

गवताळ
जिथे होती तिथे लावा. गिरिपुष्प आणि सुबाभूळ असली बाहेरची झाडं लावून 'देवराई' नाव देऊ नका.

जुना_छावणीकर
ऑरोविलमध्येच सुरुवातीला ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली होती ना? १९६८ नंतर सगळा माळ उघडा होता तेव्हा. मग?

आरोविलात_राहिलेली
लावली, सावली आणि पाचोळा लवकर मिळावा म्हणून, मग तिच्या आडोशाला स्थानिक झाडं वाढवली. ती गरज होती तेव्हाची. पुढे काढत गेले बऱ्याच ठिकाणी.

गवताळ
आणि मग २०२१ च्या डिसेंबरात क्राउन रोडसाठी (वसाहतीतला नियोजित गोल रस्ता) त्याच ऑरोविलमध्ये जेसीबी फिरवले, प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. तेवढं पण लिहा.

टेकडीवाला
मंडळी, त्या बाईचं तिकीट राहिलंय. साधना फॉरेस्ट वेगळं, शहराची भांडणं वेगळी. मैनाताई, मी एक सुचवू? तुम्ही जूनमध्ये जायचं म्हणताच तर आईला थेट झोपडीत नेऊ नका. आधी पुद्दुचेरीत साध्या गेस्टहाउसला राहा. मी गेलो तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांसाठी खुला कार्यक्रम असायचा, फिरून दाखवतात, पर्यावरणावरची फिल्म, मग जेवण, पैसे घेत नाहीत. अजून चालू आहे का ते आधी विचारून घ्या. आईला बघू दे, संडास बघू दे, चहा चाखू दे. मग ठरवा.

प्लॉटवाले_नाना
निसर्गात राहायचंच असेल तर मुळशीत आपले फार्म प्लॉट आहेत, कुंपण आणि बोअरसहित, आंब्याची झाडं लावून देतो. मेसेज करा.

लिंबूटिंबू
नाना पुन्हा आले. अ‍ॅडमिन??

कोथरूडची_मैना
सगळ्यांना एकत्र उत्तर. एक, आईला मी नेत नाहीये, आई मला नेतेय. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य गेलं तिचं, निवृत्तीनंतर 'मला कुठेतरी हाताने काम करायचंय, कीर्तनाला बसायचं नाहीये' म्हणून डोकं खाल्लंय तिने. व्हिडिओ तिनेच शोधला. मी सोबत. हा सगळा धागा तिला वाचून दाखवला. ती म्हणते बिनदुधाचा चहा लहानपणी गूळ घालून प्यायचोच, त्यात काय. राखेने भांडी घासायला कोणी शिकवू नका म्हणाली. पण 'जूनमध्ये पाऊस नाही तर जायचं कशाला, खड्डे खणायला पुण्यात पण मिळतील' असं म्हणून बसलीय. आता नोव्हेंबर म्हणतेय.

टेकडीवाला
आई हुशार आहेत. फक्त नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे वादळांचे दिवस. २०११ च्या डिसेंबरात 'थाने' वादळ तिथेच आदळलं, ऑरोविलमधली झाडं आडवी झाली होती. २०२४ ला नोव्हेंबरच्या शेवटी 'फेंगल' आलं, पुद्दुचेरी तुंबली होती. जायचं नाही असं नाही, पण परतीचं तिकीट रद्द करता येईल असं काढा. झोपडीत ताशी शंभर किलोमीटरचा वारा बघायची हौस नसेल तर जानेवारी-फेब्रुवारी बरा. हवा छान, कोवळ्या रोपांना पाणी घालायचं, पाचोळा पसरायचा, नर्सरीत बसून करायची कामं भरपूर, गुडघ्याला ते सोयीचं.

गाडीचं म्हणाल तर दादर-पुद्दुचेरी चालुक्य एक्सप्रेस पुण्यावरून जाते, रोज नसते, वार बघून घ्या. नाहीतर चेन्नईला उतरून बसने.

जुना_छावणीकर
आईंना सोमनाथला पण विचारा एकदा.

डॉक्टर_नसलेला
मे महिना आहे तो, शुगरवाल्यांना नका हो पाठवू.

कोथरूडची_मैना
नर्सरी ऐकून आई खूश. जानेवारी नक्की. फॉर्म तिने स्वतः भरायला घेतलाय, 'कामाचा अनुभव' या रकान्यात काय लिहिलंय ते मला दाखवत नाहीये. माझ्या रजेचं ऑफिसात मी बघते. धन्यवाद सगळ्यांना, नानांना सोडून.

सॅनहोजेकर
जानेवारीत आम्हीपण येतोय. चेन्नईहून भाड्याची गाडी घेऊन ईसीआरने (किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा ईस्ट कोस्ट रोड) यावं का? टोल किती? आणि मुलांना वीगन पिझ्झा मिळेल का?

लिंबूटिंबू
नवा धागा काढा साहेब.