मदत हवी आहे: स्पॅनिशमध्ये पदांची नावं नेमकी कोणती वापरू?

नमस्कार मंडळी. कंपनीच्या माहितीपत्रकाचा स्पॅनिश अनुवाद करतेय. तो स्पेन आणि मेक्सिको दोन्हीकडे जाणार आहे आणि मी पदनामांवर अडलेय. सीईओला स्पेनमध्ये ‘कोन्सेहेरो देलेगादो’ म्हणतात, मेक्सिकोत मात्र ‘दिरेक्तोर हेनेराल’ जास्त रुळलेलं. मग दोन वेगळ्या प्रती काढाव्यात का? मला तरी तेच बरं वाटतं.

खरी अडचण मॅनेजरची. ‘हेरेंते’ (व्यवस्थापक), ‘हेफे’ (प्रमुख, साहेब) आणि एखादं दुकान किंवा शिफ्ट सांभाळणारा ‘एनकार्गादो’ यांतला फरक कसा सांभाळायचा? पद खाली उतरवलं तर त्या माणसाचा मान जातो. त्यातून आमच्या मॅनेजर बाई आहेत. ‘ला हेरेंते’ आणि ‘ला हेरेंता’ दोन्ही बरोबर, पण औपचारिक मजकुरात कोणतं खटकणार नाही?

तिथल्या कंपन्यांत काम केलेल्यांनी कृपया सांगा.