उतारावरचं कमरेएवढं गवत: कोणतं मशीन घ्यावं? बजेट १५ हजार

लांज्याची लेक

नमस्कार. आमचं घर लांजा तालुक्यात, सड्याच्या (खडकाळ माळाच्या) उतरणीला. घराभोवतीची आणि मागची मिळून वीस गुंठे जमीन. पुढचं खळं आणि तुळशीकडचा भाग तेवढा सपाट. मागे तीन टप्पे, प्रत्येक टप्प्याला चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी बांध. त्यातले दोन गडगे पावसात ढासळलेत. हापूसची अकरा कलमं, काजूची चौदा-पंधरा झाडं आणि त्याखाली पऱ्यापर्यंत (ओढ्यापर्यंत) नुसतं रान.

बाबा गेल्यापासून आई तिथे एकटी. मी ठाण्यात नोकरी करते, महिन्यातून दोनदा शुक्रवारी रात्रीच्या गाडीने जाते आणि रविवारी परतते. पूर्वी बेणणीला, म्हणजे गवत काढायला, वाडीतल्या चार बायका यायच्या. आता दोघींचे गुडघे गेले, दोघी मुलांकडे मुंबईला. मशीनवाला दिवसाचे १,२०० घेतो, पेट्रोल आपलं, आणि गणपतीच्या आधी तो कुणाच्याच हाताला लागत नाही. गेल्या वर्षी नोव्हेंबरपर्यंत गवत तसंच उभं राहिलं. विहिरीच्या वाटेवर आईच्या पावलापासून हातभर अंतरावर फुरसं (विषारी साप) निघालं. तेव्हापासून रोज संध्याकाळी फोन केला की मी आधी हेच विचारते, आज विहिरीवर कितीला गेलीस, बॅटरी घेतली होतीस का.

म्हणून यंदा स्वतःचं मशीन घ्यायचं ठरवलंय. ऑनलाइन चार चाकांचं, ढकलायचं लॉन मोअर ११ हजारांना दिसतंय, मागे गवताची पिशवीही आहे. ते उतारावर चालेल का? नसेल तर खांद्याला अडकवायचं ग्रास कटर घ्यायचं का? दुकानदार म्हणतो ५२ सीसीचं घ्या, ताकद जास्त. टू स्ट्रोक की फोर स्ट्रोक? आणि मी स्वतः चालवू शकेन का? उंची पाच फूट एक इंच, वजन ५२ किलो. शेजारचा मुलगा मदतीला येईल, पण त्याच्यावरच सगळं टाकायचं नाहीये.

पिट्सबर्गकर

ताई, मी राहतो तिथे घरं टेकड्यांवरच आहेत, त्यामुळे चाकांच्या मशीनचा अनुभव आहे. ढकलायचं मशीन उतारावर आडवं चालवायचं आणि बसून चालवायचं मशीन वर-खाली. उलटं केलं तर ढकलणाऱ्याचा पाय घसरून पात्याखाली जातो, आणि बसायचं मशीन कुशीवर कलंडतं. पण ही दोन्ही मशीनं हिरवळीसाठी, दर आठवड्याला कापल्या जाणाऱ्या चार बोटं गवतासाठी. कमरेएवढ्या गवतात आणि दगडात तुम्ही बघताय ते मशीन पहिल्या दहा फुटांतच अडकेल. ११ हजार त्यात घालू नका.

सड्यावरचा

ताई, मी संगमेश्वर तालुक्यातला. दोन एकर कलमं आहेत, सगळी उतारावर. नऊ वर्षं मशीन स्वतः चालवतो, त्याआधी पंचवीस वर्षं विळा चालवला. तुमचं वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मशीन बघण्याआधी उतार मोजा. एक मीटरची सरळ पट्टी घ्या, एक टोक वरच्या अंगाला जमिनीवर टेकवा, पट्टी पाणसळीने (लेव्हलने) आडवी धरा आणि दुसऱ्या टोकापासून खाली जमिनीपर्यंत किती सेंटीमीटर भरतात ते बघा. २७ भरले तर १५ अंश, ३६ म्हणजे २० अंश, ५८ म्हणजे ३० अंश. डोळ्याने अंदाज करू नका, डोळा फसतो. माझ्याकडचा जो भाग मला "बरा" वाटायचा तो २४ अंश निघाला.

चाकांचं मशीन विसरा. अडचण फक्त ढकलण्याची नाही. त्यातल्या बऱ्याचशा इंजिनांत तेल तळाशी असतं आणि फिरत्या भागांनी ते उडवून वर पोचतं. मशीन कलतं राहिलं की तेल एका बाजूला जातं आणि इंजिन कोरडं चालतं. ग्रास कटरची छोटी फोर स्ट्रोक इंजिनं मात्र कशीही कलली तरी चालतील अशी बनवलेली असतात. होंडाचं जीएक्स ३५ हे त्यातलं सगळ्यांच्या माहितीतलं, ३५.८ सीसी. ते तुमच्या बजेटबाहेर जाईल, पण त्याच जातीची ३५ सीसीच्या आसपासची स्वस्त मशीनंही मिळतात.

५२ सीसी घेऊ नका. दुकानदार ताकद सांगतो, वजन सांगत नाही. सपाटीवर एक किलो जास्त झालं तर चालून जातं. उतारावर ते वजन प्रत्येक पावलाला तुम्हाला खालच्या अंगाला ओढतं. गवताला ३५ सीसी भरपूर. ५२ लागतं ते करवंदीच्या जाळ्या आणि अंगठ्याएवढी झुडपं तोडायला, आणि ते काम कोयत्यानेही होतं.

टू स्ट्रोक हलकं आणि स्वस्त, पण पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं. १:५० सांगितलं असेल तर लिटरला २० मिली, १:२५ असेल तर ४०. कुणी घाईत साधं पेट्रोल ओतलं की पिस्टन जाम, आणि दुरुस्तीचा खर्च निम्म्या मशीनएवढा. तुम्ही ठाण्यात, मशीन गावात, चालवणारे दोघे-तिघे. तुमच्याकडे ही चूक होण्याचा धोका जास्त. म्हणून मी फोर स्ट्रोक सांगेन. त्यात इंजिनाचं तेल वेगळं असतं, जेमतेम १०० मिली बसतं. पहिलं तेल दहा तासांनी बदला, पुढे पन्नास तासांनी. काम संपलं की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं. चार महिने टाकीत राहिलं तर कार्बोरेटर खराब झालाच म्हणून समजा.

आता चालवण्याचं. उतारावर नेहमी आडवं चालायचं, डोंगर उजव्या हाताला ठेवून. मशीन उजव्या अंगाला लटकतं आणि बहुतेक मशीनांचं पातं वरून बघितलं तर डावीकडे फिरतं. त्यामुळे कापलेलं गवत आपोआप खाली, डावीकडे पडतं. खालून सुरुवात करा, एक पट्टी झाली की रिकामं परत या आणि वरची पट्टी धरा. कापलेल्या ओल्या गवतावर पाय पडला तर घसरणार, म्हणून तुमची पुढची वाट नेहमी न कापलेल्या उभ्या गवतात हवी. पातं लावलं असेल तर त्याचा पुढचा-उजवा भाग दगडाला किंवा खोडाला लागू देऊ नका. तिथून मशीन फटका मारून अंगावर येतं.

गडग्यांच्या कडेला पातं नको, ते काढून त्या जागी फिरणारी नायलॉनची दोरी लावा. दोरी आदल्या रात्री पाण्यात भिजत घाला, कोरडी दोरी तडातड तुटते. पण दोरीही झाडाला निरुपद्रवी नसते, हे मी किंमत मोजून शिकलो. सात वर्षांचं हापूसचं कलम होतं, पहिल्यांदा धरलेलं. बुंध्याजवळचं गवत साफ दिसावं म्हणून दोरी फिरवली. खोडावर बोटभर रुंदीचा ओला पांढरा पट्टा उमटला, तो मी त्या दिवशी बघितला आणि पुढे गेलो. साल सगळीकडून गोल सोलली गेली होती. वरचं अन्न खाली मुळांना जायचं ते थांबलं. दिवाळीत पानं पिवळी, आणि पुढच्या पावसाळ्याआधी झाड वाळलं. आता माझ्या प्रत्येक कलमाच्या बुंध्याला चार इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा असतो, उभा चिरून बसवलेला. खोड जाड असेल तर मोठा पाइप घ्या, सालीला घट्ट बसता कामा नये. बुंध्याभोवतीचं हातभर गवत विळ्यानेच काढा.

शेवटचं, आणि माझ्या दृष्टीने हे मशीनपेक्षा मोठं. कुणीतरी तुम्हाला सांगेलच की एकदा तणनाशक मारा, कटकट मिटेल. उतारावर ते करू नका. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जांभ्यावर माती वीत-दीड वीत असते. ती माती धरून ठेवणारी गवताची मुळंच आहेत. तुमचे दोन गडगे ढासळलेत म्हणता, तिथे तर एक काडीही मुळासकट उपटू नका. चार बोटं खुंट ठेवून कापा. पहिली कापणी गणपतीआधी, दुसरी ऑक्टोबर संपता संपता. दुसऱ्या कापणीचं गवत झाडाखाली पसरा, पण खोडापासून हातभर लांब, नाहीतर वाळवी चढते. हद्दीच्या कडेने दहा-बारा फुटांची पट्टी पूर्ण मोकळी ठेवा. फेब्रुवारी-मार्चात सड्यावरून वणवा येतो तेव्हा तेवढीच उपयोगी पडते.

काजूवाली

सावंतवाडीकडची आहे मी, उंची तुमच्याएवढीच. चार वर्षं मशीन चालवतेय. सड्यावरचे काका म्हणतात ते सगळं खरं, फक्त बाईमाणसाच्या अंगाने दोन गोष्टी सांगते.

पाठीवर घ्यायचं मशीन बघायला आरामाचं वाटतं, कारण इंजिन पाठीवर असतं. मी वर्षभर तेच वापरलं. एकदा श्रावणात पाय घसरला आणि मी इंजिनासकट मागच्या मागे आपटले. पट्टा सोडवेपर्यंत ते चालूच होतं. तेव्हापासून बाजूला लटकवायचंच घेते, दोन्ही खांद्यांवरून येणारा पट्टा आणि छातीशी झटक्यात सुटणारा हूक. मशीनसोबत येतो तो एका खांद्याचा पातळ पट्टा काढून ठेवा. चांगला पट्टा वेगळा विकत घ्या, हजार-बाराशे रुपये जातात, पण तुमच्या-माझ्या उंचीला सगळा फरक त्यानेच पडतो. हूक उजव्या कमरेच्या हाडाच्या थोडा वर यायला हवा. हात सोडले तरी पातं जमिनीपासून चार बोटांवर आपोआप तरंगलं पाहिजे. दुकानातच पट्टा लावून, हात सोडून बघा. लाजू नका, दुकानदार घाई करेल, करू दे.

दुसरं म्हणजे सलग अर्ध्या तासाच्या वर नको. बोटांना मुंग्या येतात आणि त्या रात्री भाकरी थापताना कळतात. गमबूट, डोळ्यांना जाळीचा नव्हे तर प्लास्टिकचा चष्मा, आणि पन्नास फुटांत कुणी माणूस किंवा गुरंढोरं नको. जांभ्याची कपची गोळीसारखी सुटते. माझ्या नडगीत एक घुसली होती, खूण अजून आहे. आईंना सांगा, मशीन चालू असताना चहा घेऊन जवळ यायचं नाही. आमच्या सासूबाई यायच्याच.

सुरू करण्याआधी काठीने गवत बडवत एक फेरी मारा. फुरसं आवाजाने लांब जात नाही, तिथेच वेटोळं करून बसतं, पण काठीने गवत हललं की दिसतं तरी.

सातबारा

महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या अनुदानाच्या पोर्टलवर) कृषी यांत्रिकीकरणात अर्ज करा. महिला, अल्प-अत्यल्पभूधारक, अनुसूचित जाती-जमाती यांना ५० टक्के, इतरांना ४० टक्के अनुदान आहे, यंत्रागणिक कमाल मर्यादा ठरलेली. सातबारा आपल्या नावावर हवा आणि आधार जोडलेलं बँक खातं लागतं. पूर्वसंमती हातात येण्याआधी मशीन घेतलंत तर अनुदान गेलं. आणि आधी पूर्ण रक्कम तुम्हालाच भरावी लागते, पैसे नंतर खात्यात येतात.

लांज्याची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी पट्टी आणि पाणसळ घेऊन मोजलं. घरामागे २२ सेंटीमीटर, कलमांत ३८, पऱ्याकडे ५५. सातबारा अजून बाबांच्याच नावावर आहे, वारस नोंदीचा अर्ज केलाय. म्हणजे अनुदानाला थांबायचं तर यंदाचा पावसाळा जाईल. काय करू?

सड्यावरचा

घरामागे साडेबारा अंश, निर्धास्त कापा. कलमांत एकवीस, तिथे कोरडं असतानाच, आणि कुणीतरी हाकेच्या अंतरावर हवं. पऱ्याकडे एकोणतीसच्या जवळ गेलं. तिथे मशीन नेऊच नका. ते रान तसंच राहू दे, फक्त वाटेपुरतं विळ्याने काढा. तेवढी जागा वगळली तर तुमचं काम बारा-तेरा गुंठ्यांवर येतं, मग तर लहानच मशीन पुरे. अनुदानासाठी आईंना आणखी एक पावसाळा त्या गवतात ठेवू नका. आणि घ्याल ते लांज्यात घ्या, ऑनलाइन नको. क्लच किंवा कार्बोरेटर गेला तर रविवारी दुपारी दुकानाचं शटर ठोठावता आलं पाहिजे. घेताना मशीन चालू करून रेस सोडा: पातं पूर्ण थांबलं पाहिजे. थांबत नसेल तर ते मशीन घेऊ नका.

लांज्याची लेक

घेतलं. लांज्यातच, ३५ सीसी फोर स्ट्रोक, बाजूला लटकवायचं, १३,५००. दोन खांद्यांचा पट्टा १,१००, गमबूट, चष्मा आणि जादा दोरी धरून १५,९०० झाले. पहिल्या मशीनचं पातं रेस सोडल्यावरही फिरत राहिलं, म्हणून दुसरं उघडायला लावलं. पट्टा दुकानात तीनदा कमी-जास्त केला, तेव्हा कुठे पातं चार बोटांवर तरंगलं.

कालच्या उघडिपीत विहिरीची वाट आणि घरामागचा टप्पा झाला, दीड तास, मध्ये दोनदा थांबून. शेजारच्या मुलाने एक पट्टी कापली, बाकी मी. काठीची फेरी आईने मारली, तो मान तिने कुणाला दिला नाही. पाइपचे तुकडे आम्ही आदल्या रात्री पडवीत बसून चिरले, करवत माझ्या हातात आणि पाइप धरायला आई. अकराही कलमांना बसवले. ढासळलेल्या गडग्यांजवळचं गवत चार बोटं ठेवलंय. आज सकाळी आईनेच फोन केला, विहिरीवरून. म्हणाली, पायाखालचं दिसतंय.